आईचं क्रियापद

जुलै लागला की जर्मनीतल्या येनाच्या ट्राममध्ये ओठ हलायला लागतात. विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. कुणी मांडीवरच्या कागदाकडे बघत, कुणी डोळे मिटून, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असतं. बाहेर लिंडनची झाडं फुलून गेलेली असतात. स्टॉपवर दार उघडलं की त्यांचा मधासारखा, जरा डोक्यात चढणारा वास आत शिरतो. परवा माझ्या समोरच्या सीटवर एक मुलगी बसली होती. चिनी असावी. तिचे ओठ हलत होते आणि दर वाक्याच्या शेवटी ती मान किंचित खाली झुकवत होती, पूर्णविराम दिल्यासारखी. मला उतरायचं होतं तो स्टॉप गेला. पुढचाही गेला. मी बसूनच राहिले.

मला लान आठवत होती. पाच वर्षांपूर्वीचा असाच जुलै.

तो फुटबॉलच्या वर्ल्डकपचा उन्हाळा होता. आम्ही राहायचो त्या लोबेडा भागातल्या उंच, एकासारख्या एक इमारतींच्या बाल्कन्यांतून काळे-लाल-पिवळे झेंडे लोंबत होते आणि गोल झाला की भिंतीच्या भिंती ओरडायच्या. आम्हाला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. माझा नवरा शिरीष इथल्या एका भिंगांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी फलटणच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नऊ वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. तिकडे माझ्या तासाला वर्गात चिडीचूप असायचं. इथं माझं इंग्रजी दुकानदाराला नको होतं आणि दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टलाही नको होतं. आठवड्यातून चार दिवस मी जर्मनच्या क्लासला जायची आणि शेवटच्या रांगेत बसायची. इथं टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी. चुकलं की आमची शिक्षिका गोड हसून बरोबर उत्तर सांगायची. मला त्या गोड हसण्याचा भयंकर राग यायचा.

एके दिवशी खालच्या टपालपेट्यांपाशी उभी राहून मी विमा कंपनीच्या माणसाशी फोनवर इंग्रजीत भांडत होते. माझं भांडण संपेपर्यंत एक मुलगी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्याशी थांबून राहिली. बारीक, चष्मा लावलेली, केस कानामागे घट्ट खोचलेले. फोन ठेवल्यावर तिनं वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि काही न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या पेटीत तिचं पत्र होतं. हातानं लिहिलेलं, इंग्रजीत. मी चौथ्या मजल्यावर राहते, विद्यापीठात प्रकाशशास्त्रात मास्टर्स करते, तुमचं अस्खलित इंग्रजी अनवधानानं माझ्या कानावर पडलं त्याबद्दल क्षमस्व, तुम्हाला सवड असल्यास मला बोलण्याचा सराव हवा आहे, अशा अर्थाचं. मी ते पत्र शिक्षिकेच्या सवयीनं हातात पेन घेऊन वाचलं. एक चूक सापडली नाही. स्वल्पविरामाचीसुद्धा नाही. असं इंग्रजी फलटणला माझ्यासकट कुणाला लिहिता आलं नसतं.

मी वर जाऊन तिची बेल वाजवली. दार उघडल्यावर म्हटलं, "व्हेन वुड यू लाइक टू स्टार्ट?"

तिचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं, हळू विचारलं, शेवटी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून विचारलं. तिनं आत जाऊन कागद आणला आणि माझ्या हातात दिला. मी तेच वाक्य लिहिलं. तिनं वाचलं आणि एका क्षणात खाली लिहिलं, 'आपल्या सोयीनुसार कोणत्याही दिवशी. आपली अत्यंत ऋणी राहीन.' एका दारात दोन बायका, दोघींना इंग्रजी येतं, आणि आम्ही कागदावरून बोलत होतो. मी थक्क झाले. इतकं सगळं आत असूनही बाहेर काहीच येत नाही, असं कसं होऊ शकतं?

कसं होऊ शकतं ते पुढच्या काही आठवड्यांत कळत गेलं. मंगळवार, गुरुवार आणि रविवारी दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायची. येताना चेरी नाहीतर जर्दाळू आणायची आणि मी ते धुऊन समोर ठेवले तरी एकही खायची नाही. चीनच्या उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणींच्या गावातून ती आली होती. ती त्याला लहान गाव म्हणायची. एकदा तिनं फोटो दाखवले तर ते आमच्या पुण्याएवढं निघालं. तिसरीपासून तिला इंग्रजी होतं. साठ मुलांचा वर्ग. बाई एक वाक्य म्हणणार आणि मागोमाग साठ तोंडं तेच म्हणणार. कॉलेजात असताना सकाळी सहाला मैदानावर जाऊन, भिंतीकडे तोंड करून, मोठ्यानं शब्द घोकायचे. परीक्षेत चार उत्तरांपैकी एकासमोर खूण करायची. शब्दकोश तिनं एस अक्षरापर्यंत पाठ केला होता. पुढचा राहिला याची तिला लाज वाटायची.

"लान, मग इंग्रजीत तू पहिल्यांदा बोललीस कुणाशी?" मी एकदा विचारलं.

तिनं विचार केला. "फ्रँकफर्ट," ती म्हणाली. "एअरपोर्ट. पोलिस."

पंधरा वर्षं इंग्रजी शिकल्यावर ती पहिल्यांदा एका जिवंत माणसाशी इंग्रजीत बोलली तो पासपोर्ट तपासणारा जर्मन पोलिस होता. त्यानं येण्याचं प्रयोजन विचारलं. 'पर्पज' हा शब्द तिला स्पेलिंगसकट, सहा उदाहरणांसकट येत होता. पण त्याच्या तोंडून तो आला तेव्हा तिला ओळखू आला नाही. ती म्हणाली, आपल्या रोजच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या गावात दिसावा आणि आपण त्याच्या समोरून निघून जावं तसं झालं. हे तिनं मला लिहून सांगितलं, अर्थातच.

तिच्या शाळेतल्या बाईंनी सगळ्या वर्गाला फळ्यावरच्या यादीतून इंग्रजी नावं वाटली होती. तिच्या वाट्याला आयव्ही आलं. त्या नावातला व्ही तिला म्हणता येत नव्हता. मी मोठ्या आत्मविश्वासानं तिला व्ही आणि डब्ल्यू यांतला फरक शिकवायला बसले, तर तासाभरानं ती अडखळत म्हणाली, "टीचर, सॉरी. बोथ सेम." मी फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला. खरंच सारखे होते. नऊ वर्षांत फलटणमध्ये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग मी म्हटलं, सोड ते आयव्ही, तुझं खरं नाव सांग. लान, ती म्हणाली. मी तिला लान म्हणून हाक मारली आणि ती तोंडावर हात ठेवून पहिल्यांदा हसली. सूर खाली नेऊन मग वर उचलला की त्याचा अर्थ होतो आळशी. प्रश्न विचारल्यासारखा नुसता वर नेला की ऑर्किडचं फूल. तेव्हापासून मी तिला नेहमी प्रश्न विचारल्यासारखीच हाक मारायची.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र काही नव्हतं. पुढच्या प्रवेशासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा तिनं दोनदा दिली होती. वाचन उत्तम, लेखन उत्तम, बोलण्यात नापासासारखे गुण. तिच्या प्राध्यापकांनी डॉक्टरेटसाठी जागा कबूल केली होती, पण विद्यापीठाला बोलण्याचे ठरावीक गुण हवे होते. जुलैतली परीक्षा शेवटची. ती गेली की जागा जाणार, जागा गेली की सप्टेंबरनंतर राहण्याचा परवाना मिळणार नाही. विदेशी लोकांना तो परवाना देणाऱ्या ऑफिसचं लांबलचक जर्मन नाव तिला न अडखळता म्हणता यायचं. भीतीनं पाठ झालं होतं.

प्रयोगशाळेतही तिचे हाल चालले होते. एकदा प्राध्यापक तिला म्हणाले, "म्हणजे गुरुवारी तुला लेझरची गरज नाही?" ती म्हणाली, "नो." तिला म्हणायचं होतं की नाही, तसं नाही, मला गरज आहे. त्यांनी ऐकलं की गरज नाही. गुरुवार दुसऱ्याला दिला. ती काही बोलली नाही. पुढची पाळी येईपर्यंत तीन आठवडे थांबली. हे मला सांगताना तिचा आवाज इतका शांत होता की मीच चिडले. मग माझ्या लक्षात आलं की मराठीतही आपण असंच म्हणतो, 'नाही नाही, हवंय ना!' मराठी आणि चिनी एका बाजूला, इंग्रजी एकटं पलीकडच्या बाजूला. मला मनातून बरं वाटलं. मी तिला तो नियम तीन वेळा लिहायला लावला.

मी चांगली शिक्षिका होते. हे मी आज गर्वानं सांगत नाहीये. मला चुका ऐकू यायच्या. तिचं वाक्य तोंडातून पूर्ण बाहेर पडायच्या आधी माझं दुरुस्त वाक्य तयार असायचं. तिच्या भाषेत बोलताना 'तो' आणि 'ती' दोघांना एकच शब्द, 'ता'. लिहिताना वेगळा, कानाला एकच. त्यामुळे ती शिरीषला 'शी' म्हणायची आणि मला 'ही'. क्रियापद तर तिच्याकडे हलतच नाही. काल मी जा, आज मी जा, उद्या मी जा. काल म्हटलं की काल कळलंच, मग जा-ला कशाला छळायचं, असा तिचा प्रामाणिक प्रश्न होता. मी तिला जातो, गेला, जाईल असं मराठीत म्हणून दाखवलं. ती डोळे विस्फारून म्हणाली, एवढ्या लहान शब्दाला एवढे कपडे!

एका मंगळवारी मी चकोल्या केल्या होत्या. उकळत्या आमटीत कणकेचे काप सोडत होते आणि ती टेबलावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. वाफेनं तिचा चष्मा धुरकट झाला तरी ती हलली नाही. तिच्या गावाकडे पिठाचा गोळा हातात धरून सुरीनं त्याचे पट्टे थेट उकळत्या पाण्यात उडवतात, हे तिनं हातवारे करून दाखवलं. मग म्हणाली, "माय मदर डू लाइक धिस."

"डज," मी म्हटलं. पळी हलवत. मागे वळून न बघता.

"डज," ती म्हणाली.

तिनं चकोल्या दोनदा मागून घेतल्या. तिनं आमच्याकडे पहिल्यांदा काही मागून घेतलं होतं. मला वाटलं, चला, पोर मोकळी व्हायला लागली.

परीक्षेत बोलायच्या भागात एक कार्ड देतात. त्यावरच्या विषयावर दोन मिनिटं न थांबता बोलायचं. आपल्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या व्यक्तीबद्दल सांगा, हा विषय बऱ्याचदा येतो असं तिच्या मैत्रिणींनी सांगितलं होतं. आम्ही तो तयार करायला घेतला. कोणाबद्दल बोलशील, विचारलं तर ती वहीच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, आई. मला आनंद झाला. सोपा विषय. तिनं अडखळत सांगितलेली वाक्यं मी नीट करून तिच्या वहीत लिहवून घेतली. माझी आई खाणीच्या कँटीनमध्ये काम करते. तिला गाणी आवडतात. ती फार जोरात हसते. 'वर्क' नाही, 'वर्क्स'. 'लाइक' नाही, 'लाइक्स'. 'लाफ' नाही, 'लाफ्स'. एस, लान, एस. तिसरा पुरुष, एकवचन. दर वेळी मी टेबलावर बोटानं टक् करून वाजवायची.

सगळं मिळून सव्वा मिनिटच भरत होतं. मी म्हटलं, अजून दोन वाक्यं हवीत. ती काही बोलेना, म्हणून मीच सुचवलं. "फोन करत असेल ना तुला? कधी करते?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उत्तराची वाट पाहिली नाही. माझी आई मला रविवारी फोन करायची, जगातल्या सगळ्या आया रविवारी करत असणार. "लिही," मी म्हटलं, "शी कॉल्स मी एव्हरी संडे. अँड शी ऑलवेज आस्क्स मी व्हॉट आय हॅव ईटन."

तिनं लिहिलं. सुंदर, गोल अक्षरात.

पुढचे पाच आठवडे ती ते म्हणत होती. माझ्यासमोर बसून, दर वाक्याला मान किंचित झुकवत. दोन मिनिटं आणि चार सेकंद. आई काम करते, आई हसते, आई दर रविवारी फोन करते आणि काय जेवलीस विचारते. एकही एस गळत नव्हता. मी शिरीषला म्हटलं, "बघ, ही पोरगी काढणार." तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "गेनाऊ." जर्मन ऑफिसात राहून त्याला ती सवय लागली होती, सगळ्याला गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर.

परीक्षा बुधवारी होती. आदल्या रविवारी लान आली ती वही छातीशी धरून. बाहेर ऊन रणरणत होतं, खाली गवतावर पोरं टीव्ही बाहेर आणण्यासाठी वायरी जोडत होती. मी चहा ठेवत होते. तिनं वही उघडली, पेन काढलं आणि म्हणाली, "टीचर, वन ग्रामर क्वेश्चन."

"विचार ना."

तिनं वाक्य आधीच मनात जुळवून आणलं होतं हे कळत होतं. ती एकेक शब्द ठेवत म्हणाली, "इफ द पर्सन इज डेड, इट इज स्टिल लाइक्स? ऑर लाइक्ड?"

"लाइक्ड," मी म्हटलं. साखरेचा डबा शोधत. "व्यक्ती हयात नसेल तर भूतकाळ. ऑलवेज पास्ट टेन्स."

"थँक यू," ती म्हणाली.

साखर घालून मी वळले तर ती वहीवर वाकली होती. पहिल्या वाक्यातला एस तिनं एका बारीक रेघेनं खोडला आणि वर ई-डी लिहिलं. मग दुसऱ्या वाक्यातला. मग तिसऱ्यातला. वर्क्ड. लाइक्ड. लाफ्ड. पट्टी लावल्यासारख्या सरळ रेघा. कॉल्स या शब्दाशी आल्यावर पेन थांबलं. थोडा वेळ तसंच थांबलं. मग तिनं तो एस तसाच ठेवला आणि आख्खं वाक्यच खोडलं.

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला की ठेवलाच नाही, आठवत नाही. चहा उतू गेल्याचा वास आठवतो, म्हणजे गॅसवर अजून होता काहीतरी.

"लान," मी म्हटलं. प्रश्नाचा सूर आला नाही. आळशी म्हटलं गेलं असणार. "युअर मदर...?"

"यस," ती म्हणाली. "थ्री इयर."

'इयर्स' माझ्या ओठांवर आलं. मी खरं सांगते, आलं. त्या क्षणीही आलं. ते मी दातांनी अडवलं, आणि स्वतःचीच मला इतकी भीती वाटली की मी खुर्ची धरून खाली बसले.

तिनं सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत. ती तेव्हा दुसऱ्या शहरात शिकत होती. कॉलेजची शेवटची परीक्षा चालू होती, त्यात इंग्रजीचाही पेपर होता. दरम्यान आई गेली, मेंदूत रक्तस्राव होऊन, कँटीनमध्येच. बाबांनी तिला सांगितलं नाही. पोरीची परीक्षा आहे म्हणून कुणीच सांगितलं नाही. ती संध्याकाळी फोन करायची तेव्हा बाबा म्हणायचे, आई झोपली आहे. अकरा दिवस आई झोपली होती. शेवटचा पेपर देऊन ती बाहेर आली, मैत्रिणींबरोबर आइस्क्रीम खात होती, आणि फोन वाजला.

"सो," ती म्हणाली, "एक्झाम फिनिश, आय अफ्रेड फोन."

मला एका वाक्याचाही अर्थ विचारावा लागला नाही. एवढी चुकीची इंग्रजी वाक्यं मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि एवढी स्पष्टही.

"मग तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "पाच आठवडे! मी तुझ्याकडून ते म्हणवून घेत होते. रविवारचा फोन... तो तर मीच घातला होता. तू थांबवायचंस ना मला."

तिनं चष्मा काढून रुमालानं पुसला. शब्द शोधत होती. मी मदत केली नाही. पहिल्यांदाच केली नाही.

"फर्स्ट, यू आर टीचर," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "अँड आय लाइक. इन इंग्लिश, ही कॉल मी एव्हरी संडे."

इंग्रजीत ती मला दर रविवारी फोन करते. 'शी'च्या जागी 'ही' होता, 'कॉल'ला एस नव्हता. मी टेबलावर बोट वाजवलं नाही. माझं बोट मी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी खाली आरडाओरडा चालला होता. जर्मनी जिंकत होती. आख्खं लोबेडा नाचत होतं. शिरीष बाल्कनीतून आत आला, मला बघून थबकला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं बाल्कनीचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "तू कधी विचारलंच नव्हतंस का तिला?"

"काय?"

"आई काय करते म्हणून."

विचारलं होतं. तीच तर गोष्ट होती. विचारलं होतं, आणि तिनं सांगितलंही होतं, तिला येत होतं तेवढ्यात. "माय मदर वर्क इन कँटीन." त्यात काळ नव्हता. काळ मी घातला. मला वर्तमानकाळ सोयीचा वाटला म्हणून मी वर्तमानकाळ घातला.

मग फलटणचा वर्ग डोळ्यांसमोर यायला लागला. आठवीला 'माय फादर' हा निबंध मी दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायची. माय फादर इज अ फार्मर, किंवा अ टीचर, किंवा अ ड्रायव्हर, गाळलेली जागा भरा. चाळीस वह्या तपासायला यायच्या. त्यांत एक वही होती, सुरेखा नावाच्या मुलीची. तिनं गाळलेली जागा तशीच मोकळी ठेवली होती. मी लाल शाईनं लिहिलं होतं, 'इनकम्प्लीट'. खाली सही केली होती. तिचे वडील काय करत होते, होते की नव्हते, मला आजही माहीत नाही. येनाच्या बाल्कनीत उभी राहून, फटाके फुटत असताना, मी ते लाल अक्षर इतकं स्पष्ट पाहिलं की डोळे मिटूनही जाईना.

बुधवारी लान लाइपझिगला जाऊन परीक्षा देऊन आली. मी स्टेशनवर गेले होते. गाडीतून उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. कार्डवर आई नव्हती, कुठलीच व्यक्ती नव्हती. तुम्ही पाहिलेल्या एका नदीबद्दल बोला, असं होतं. आमच्या पाच आठवड्यांतलं एक वाक्यही कामाला आलं नाही. ती इथल्या साले नदीबद्दल बोलली. पाठ केलेलं काही नव्हतं, म्हणून जे दिसत होतं ते बोलली: पुलाखालचं गवत, बदकं, पाण्यात पाय सोडून बसलेली म्हातारी माणसं.

"मेनी मिस्टेक, टीचर," ती म्हणाली. "आय हिअर माय मिस्टेक. बट आय नॉट स्टॉप."

निकाल यायला दोन आठवडे लागले. झेंडे उतरले होते, लिंडनचा बहर गळून फुटपाथवर त्याचा पिवळा भुगा झाला होता. निकाल संगणकावर कळणार होता आणि तो एकटीनं उघडायची तिची तयारी नव्हती, म्हणून ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. स्क्रीनवर हात ठेवून बसली. मग एकेक बोट उचललं. वाचन, लेखन, ऐकणं. शेवटचं बोट उचलायला तिला फार वेळ लागला. बोलण्याचे गुण जेवढे हवे होते तेवढेच होते. अर्धाही जास्त नाही.

मी तो आकडा दोनदा वाचला. ती हसलीही नाही. तिनं बाबांना दोन शब्द टाइप करून पाठवले आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. मिनिटभरात तो वाजला.

ती दचकली. खरोखरच खुर्चीतून हलली. फोनकडे नुसतं बघत राहिली. टेबलावर तो थरथरत थरथरत चेरीच्या वाडग्यापर्यंत सरकला.

"उचल," मी मराठीत म्हटलं. तिला कळलं.

तिनं उचलला. पलीकडून एका पुरुषाचा आवाज येत होता, खरखरीत, थांबून थांबून. तिकडे रात्र असणार, तो वाट बघत जागा असणार. मला त्यातला एकच शब्द ओळखू येत होता, मामा, म्हणजे आई. तो पुन्हा पुन्हा येत होता. लान ऐकत होती, अधूनमधून हुंकार देत होती. मग तिनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. तिला हे कुणालातरी सांगायचं होतं, आणि सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"टीचर, माय फादर से," ती म्हणाली, "मदर व्हेरी हॅपी."

वाक्यात क्रियापदच नव्हतं. तिथं काय यायला हवं ते मला माहीत होतं. असती तर, झाली असती. शी वुड हॅव बीन. नऊ वर्षं मी ते दहावीला शिकवलं होतं, फळ्यावर चौकट आखून. लान माझ्याकडे बघत होती, वाक्य बरोबर आहे ना म्हणून बघायची तसंच.

"येस," मी म्हटलं. "शी इज."